आईच्या माईकचे चॅनेल

उसाच्या गळिताचा हंगाम सुरू झाला की ढोकीच्या साखर कारखान्याकडून येणाऱ्या वाऱ्याला मळीचा आंबूस वास असतो, आणि तो माझ्या खोलीच्या भिंतींवर टांगलेल्या गोधड्यांत दिवसभर मुरत राहतो. आवाज घुमू नये म्हणून लावलेल्या त्या गोधड्या, एक टेबल आणि एक जुना मिक्सर, एवढाच माझा स्टुडिओ. गावोगावच्या कार्यक्रमांना हाच मिक्सर जीपमध्ये घालून न्यायचा आणि परत आणून त्याच टेबलावर मांडायचा, यात बरीच वर्षे गेली.

माझी आई आराधी मेळ्यात देवीची गाणी गायची. मुख्य गळा तिचाच. ती गेल्यावर मी मेळ्याचे सगळे जुने रेकॉर्डिंग काढून बसलो, आणि तेव्हा कळले की आईचा एकटीचा आवाज माझ्याकडे नाहीच. जुना मिक्सर सगळे माईक एकत्र कालवून द्यायचा. झांज, संबळ, बायकांचा कोरस आणि त्यात कुठेतरी आई. आमटीतून मीठ वेगळे काढण्यासारखे ते काम. मी रडलो नाही, चिडलो.

म्हणून नवा मिक्सर घ्यायला कळंबला गेलो, तेव्हा दुकानदाराला एकच अट सांगितली: कार्यक्रमात चालावा, घरीही चालावा, पण प्रत्येक माईक स्वतंत्र रेकॉर्ड झाला पाहिजे. "आवो, कार्यक्रमाला एवढं कशाला लागतंय? साधाच घ्या की, लई दिस चालतो," तो म्हणाला. माझा हट्ट पाहून त्याने आतून दुसरा काढला. यात फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, पार खाली असली तरी रेकॉर्डिंग होतच राहते, हेही त्याने सांगितले. ज्या आवाजासाठी ही सगळी निवड चालली होती, तो आता कुठल्याच माईकसमोर येणार नव्हता, हे मला तिथे उभे असतानाही ठाऊक होते. तरी घेतला.

मेळ्यातल्या बायका अजूनही आईचा माईक मधोमध लावायला सांगतात. त्याच्यासमोर कुणी उभे राहत नाही. रिकामा माईक उघडा राहिला की शिट्टी मारतो, म्हणून मी त्याचा फेडर गुपचूप खालीच ठेवतो. पौर्णिमेच्या कार्यक्रमातही तसेच केले. गाण्यात मधेच बायका थांबल्या, नुसता संबळ वाजत राहिला. मला वाटले, दम खात असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवा मिक्सर आवाज कसा उतरवतो ते पाहावे म्हणून एकेक चॅनेल ऐकत आईच्या माईकपाशी आलो. आधी दुरून आल्यासारखा कोरस. मग लुगड्याची सळसळ, बांगड्या, आणि माईकच्या अगदी जवळ आईच्या जुन्या सोबतिणीचा, सरूकाकूंचा, हलका आवाज: "घ्या वैनी, तुमचं कडवं आलं."

पुढे कुणी गायले नाही. संबळ तेवढा चालू होता. बंद करवेना. आई आपले कडवे जिथे संपवायची, नेमक्या त्या मात्रेवर सगळ्याजणींनी एकदम पुढची ओळ उचलली. एकही आधी नाही, एकही मागे नाही.

ती मधली जागा मी संध्याकाळपर्यंत ऐकत राहिलो. आईचा एकटीचा आवाज शोधायला निघालो होतो, आणि तो तिच्याशिवायच्या जागेत एवढा मोजून-मापून ठेवलेला सापडेल, असे वाटले नव्हते. थांबल्या होत्या तेव्हा त्या काय ऐकत होत्या, हे काकूंना विचारायचे धाडस अजून झालेले नाही. पुढच्या कार्यक्रमाला तो फेडर मात्र मी वर ठेवणार आहे. शिट्टी आली तर येवो.