सात-दहाचा चेहरा

आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतका स्वतःचा चेहरा लोकांना दाखवायला उतावीळ माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आणि चेहरा काही दाखवण्याजोगा होता अशातला भाग नाही. नाक पसरट, भुवया रान माजल्यासारख्या, सेम्बावांगच्या शिपयार्डात तीस वर्षं जहाजांची इंजिनं दुरुस्त करून रापलेली कातडी, आणि त्यावर एक हसू, जे मुळात हसू नव्हतंच, तपासणी होती. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी ऑफिसला जायला बाहेर पडले की समोरचं दार उघडायचं. काका लिफ्टपाशी माझ्यापुढे उभे राहायचे, दात दाखवायचे, दोन्ही हात खांद्याइतके वर धरून मनात दहापर्यंत मोजायचे आणि मग आदल्या रात्रीच्या जेवणाबद्दल एक संपूर्ण वाक्य म्हणायचे. काल वालाची उसळ केली, पण नारळ कमी पडला. काल बांगडा चांगला मिळाला, पण काटे काढता काढता जेवण थंड झालं. एवढं झालं की विचारायचे, सगळं सरळ आहे ना? मी "सरळ" म्हटलं की हात खाली. मग आम्ही एकाच लिफ्टनं उतरायचो, ते कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, दुकानाकडे आणि मी एमआरटीच्या गाडीकडे. सहा वर्षं हे चाललं. या माणसानं रात्री काय खाल्लं हे मला जेवढं ठाऊक असायचं, तेवढं नवऱ्याबद्दलही, तो माझा नवरा होता तेव्हा, कधी ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी तेव्हा नुकतीच एकटी झाले होते, बुकित पंजांगचं घर सोडून इथे आले होते, आणि शेजारी कमी बोलणारे मिळावेत एवढीच देवाकडे मागणी होती. देवानं हे पाठवले. त्यांच्या पलीकडे राहणाऱ्या चिनी आंटीला वाटलं, हा भारतातला काहीतरी व्यायाम आहे. तीही दोन-चार दिवस नुसतं बघून मग हात वर करून शेजारी उभी राहायला लागली. महिन्याभरानं तिनं मला सांगितलं की तिचा खांदा दुखायचा थांबला, व्हेरी गुड एक्सरसाइज लाह. काकांनी तिला खरं काय ते समजावलं, स्ट्रोकची लक्षणं सांगितली, अँब्युलन्सचा ९९५ नंबर मोठ्या आकड्यांत लिहून तिच्या फ्रिजवर चिकटवला. आंटीनं सगळं ऐकून घेतलं आणि व्यायाम चालू ठेवला.

काका नुसते दाखवत नसत, बघतही असत. समोर आलेल्या माणसाचं तोंड वाकडं आहे का, हात खाली पडतोय का, जीभ अडखळतेय का, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका वर्षी आमच्या मराठी मंडळींचं दिवाळी फराळाचं जेवण कुणाच्या तरी कॉंडोच्या हॉलमध्ये होतं. तिथे एका मोठ्या बँकेतले एक मोठे साहेब थेट दातांच्या डॉक्टरकडून आले होते, अर्धा जबडा बधिर. त्यांनी काकांकडे बघून स्मित केलं, ते अर्थातच एकाच बाजूनं झालं. काकांनी हातातली करंजी खाली ठेवली, साहेबांचे दोन्ही हात धरून वर केले आणि काल काय जेवलात ते सांगा म्हणाले. साहेब म्हणाले, "फोफ्फं फाफ्फं." बस्स. बायकोनं दाताचं सांगेपर्यंत नऊशे पंच्याण्णवला फोन झालेलाही होता. अँब्युलन्समधून आलेल्या मुलीनं साहेबांना तपासून काही नाही म्हणून सांगितलं, आणि वर काकांचं कौतुक केलं, की शंका आली तर असंच करावं. साहेब त्यानंतर दात काढायला जायचं असलं तर रजा टाकून घरी बसतात असं ऐकते. चूक झाली असं काकांना कधीच वाटलं नाही. मी चिडवलं तर शांतपणे म्हणायचे, अगं, दात होता हे त्याचं नशीब.

शेवटी एका रविवारी मी त्यांना विचारलंच. आम्ही हॉकर सेंटरात, खाण्याच्या गाळ्यांपाशी, बसलो होतो, त्यांच्यापुढे बिनसाखरेची कोपी, माझ्यापुढे चहा. हे कशापायी चाललंय, म्हटलं. काका माझ्या चहाच्या कपाकडे बघत राहिले आणि मग, इंजिन का बंद पडलं याचा अहवाल द्यावा त्या आवाजात, त्यांनी काकूंचं सांगितलं. काकूंना मी पाहिलेलं नाही, मी इथे येण्याच्या आधीच त्या गेल्या. तर सकाळची वेळ, काका पेपर वाचत होते, काकूंनी हाताशी चहा आणून ठेवला, काकांनी तो प्यायला. अर्ध्या तासानं आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. हॉस्पिटलात तरुण डॉक्टर मुलीनं पहिला प्रश्न विचारला, यांना शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं? कारण औषध काय द्यायचं, द्यायचं की नाही, हे सगळं त्या वेळेवर ठरतं.

"मी म्हटलं पावणेसात, चहा दिला तेव्हा. ती लिहायला लागली. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की मी कप बघितला होता. तिला बघितलंच नव्हतं."

काकांनी तिला ते खोडायला लावलं. त्याच्या आधी कधी? रात्री दोघं जेवले होते, पण टीव्हीकडे तोंड करून. मागे मागे जात शेवटी आठवलं ते आदल्या संध्याकाळचं, लिफ्टपाशी काकूंनी कोथिंबीर आणायला सांगितली होती आणि काकांनी वळून, कुठली म्हणून, त्यांच्याकडे बघितलं होतं. तेच लिहिलं गेलं. त्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईना. मग स्कॅन करून मांडीतून बारीक नळी घातली, ती आतल्या आत मेंदूपर्यंत नेली, टोकाशी जाळी उघडली आणि गुठळी धरून ओढून बाहेर काढली. हे सांगताना काकांचा आवाज चक्क खुलला, इतकं नाजूक काम त्यांनी शिपयार्डात कधी पाहिलं नव्हतं. गुठळी निघाली, रक्त वाहायला लागलं, पाइप मोकळा. काकू मात्र परत आल्या नाहीत. चौदा महिने पडून होत्या, काकांना ओळखलं असं एकदाही वाटलं नाही. छत्तीस वर्षांचा संसार, आणि बायकोला शेवटचं नीट बघितलं ते कोथिंबिरीच्या जुडीसाठी, असं म्हणून त्यांनी माझा चहा माझ्याकडे सरकवला.

काकूंच्या शेजारच्या कॉटवर त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांनी, तशीच नळी घातलेला एक मलय टॅक्सीवाला होता. तो पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेला. हे काकांना काही केल्या पचेना. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं, गुठळी कुठे होती, किती वेळ होती, मेंदूचा किती भाग आधीच गेला होता, वय काय, आणि काही वेळा, आम्हालाही सांगता येत नाही. या शेवटच्या वाक्याशी काकांचं कायमचं भांडण होतं. सांगता येत नाही म्हणजे काय? म्हणून ते अशा पेशंटांच्या आणि नातेवाइकांच्या बैठकीला जायला लागले, आणि काकू गेल्यावरही जात राहिले. तिथे प्रत्येकजण कुणाचा तरी कुणीतरी असायचा, काका एकटेच कुणाचे नसलेले. तिथे त्यांना एक सत्त्याऐंशी वर्षांची आजी भेटली, जिची कुणी आशा धरली नव्हती आणि जी आता माजाँग खेळते व त्यात फसवते. एक शाळामास्तरीण भेटली, तरुण, गुठळी पहिल्याच झटक्यात निघालेली, हात-पाय-बोलणं सगळं जागच्या जागी. पण वर्गात पोरांचा गलका सुरू झाला की तिचं डोकं चालेनासं व्हायचं. तिनं शाळा सोडली, आणि तुला काय झालंय, दिसत तर काहीच नाही, हे ऐकून ऐकून माणसंही सोडली. काका तिला दर आठवड्याला फोन करायचे आणि हळू आवाजात बोलायचे. एरवी हळू बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

टॅक्सीवाल्याकडे मात्र ते जातीनं जायचे. एका आड एक शनिवारी, सेम्बावांगहून पासिर रिसपर्यंत, दोन गाड्या बदलून, चकलीचा डबा मांडीवर. भाषेची बोंबच होती, टॅक्सीवाल्याचं इंग्लिश टॅक्सीपुरतं आणि काकांचं जहाजापुरतं. तो पपई कापायचा आणि काका समोर बसून बघायचे. मी एकदा विचारलं, तिथे जाऊन करता काय एवढं? म्हणाले, त्याचा उजवा हात बघतो.

आता माझं सांगते. मी बँकेत नियमपालनाच्या खात्यात आहे, म्हणजे दुसऱ्यांनी नीट बघितलं की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो. एकटी राहते, आणि मला ते आवडतं असं मी सगळ्यांना सांगते. काकांचा सकाळचा कार्यक्रम पहिल्या वर्षी विनोदी होता, दुसऱ्या वर्षी सवयीचा झाला, आणि पुढे पुढे, खोटं कशाला बोलू, कटकट वाटायला लागली होती. त्या मंगळवारी सातलाच हाँगकाँगच्या लोकांशी कॉल सुरू झाला होता. कानात इयरफोन, नजर फोनवर, दार ओढलं, समोरचं दार उघडलं, काका आले, त्यांच्या स्लिपर मला दिसल्या. मी मान वर न करता "सरळ, सरळ" म्हटलं आणि लिफ्टमध्ये शिरले. ते माझ्याबरोबर खाली आले की नाही, तेही मला आज आठवत नाही.

साडेनऊला आंटीचा फोन आला. ती केळी द्यायला गेली, तर जाळीच्या दारातून तिला काकांचे पाय दिसले होते. अँब्युलन्स तिनं आधीच बोलावली होती, मग मला फोन केला. मी ऑफिसातून निघतेय तोवर हॉस्पिटलचा फोन, कारण मुलगी मेलबर्नला, म्हणून काकांच्या पाकिटात माझा नंबर होता. डॉक्टरनं तोच प्रश्न विचारला. सहा वर्षं रोज मला या एका प्रश्नासाठी तयार केलेलं, तेव्हा उत्तर तोंडावरच होतं. सात वाजून दहा मिनिटं, मी म्हटलं. आर यू शुअर, तिनं विचारलं. हो म्हटलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, एवढं मला कळत होतं. आणि चुकीच्या वेळेवर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हेही काकांनीच शिकवलेलं. ऑफिसच्या लॉबीत उभी राहून मी काकांचा सकाळचा चेहरा आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. शंभर सकाळींचे आठवले, त्या सकाळचा नाही. मी तिला सांगितलं, मी भेटले, पण बघितलं नाही. तिनं त्याआधीची वेळ विचारली. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला आंटीबरोबर त्यांनी हात वर केले होते, असं आंटीनं सांगितलं, ते लिहिलं गेलं. इंजेक्शनची संधी गेली. स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवण्याजोगा भाग दिसला, म्हणून नळी घातली, गुठळी काढली.

काका वाचले. टॅक्सीवाल्याइतके नाही, काकूंसारखे तर नाहीच, कुठेतरी मध्ये. उजवा हात मुठीतच राहिला, पाय काठीवर आला आणि शब्द एकेक करून, शोधून काढावे लागत होते. इंजेक्शन मिळालं असतं तर किती फरक पडला असता, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सगळं समजावून शेवटी तेच वाक्य म्हटलं. टॅक्सीवाला पासिर रिसहून बघायला आला, पपई घेऊन. तासभर बसला, आणि तो सगळा वेळ त्यानं आपला उजवा हात खिशातून बाहेर काढला नाही. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात मी धीर केला. काका व्हीलचेअरवर खिडकीपाशी होते. म्हटलं, काका, त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं. शब्द जमवायला त्यांना बराच वेळ लागला.

"माहितीये. तू... फोन बघत होतीस." मग पुन्हा थांबले. "मी बघितलं ना. तुला. रोज. तू सरळ होतीस."

तेव्हा मला कळलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं रोज सकाळी आपल्याला निरखून बघितलेलं कुठल्या बाईला चालणार? म्हणून त्यांनी आपला चेहरा पुढे केला होता. मी समजत होते की सहा वर्षं मी एका एकट्या म्हाताऱ्याची सोबत करतेय, आणि त्याचा थोडा गर्वही होता मला.

मेलबर्नहून त्यांची मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. तिथे बरे आहेत. मुलगी सारखी तोंडाकडे बघत असते, अशी फोनवर तक्रार करतात, चार शब्दांत. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता पुण्याचं एक तरुण जोडपं आलंय, फार गुणी पोरं आहेत, घाईत असतात, "गुड मॉर्निंग मावशी" म्हणतात आणि फोनकडे बघत लिफ्टमध्ये शिरतात. त्यांना मी काय सांगणार? उद्या माझं काही झालं आणि कुणी विचारलं, हिला शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं, तर उत्तर एकच आहे, आणि ते मेलबर्नला आहे. एप्रिलमधला रविवार, सकाळी सव्वानऊ, आमच्या ब्लॉकखाली. विमानतळाची टॅक्सी निघाली, तेव्हा काकांनी काच खाली करायला लावली आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी रडत होते, पण दोन्ही बाजूंनी सारखीच.