श्रावण न पाळणारे गप्पी

आमच्या घरात श्रावण सगळे पाळतात. आई पाळते, मी पाळतो, बाबा (जेवणाच्या ताटावर उसासे टाकत का होईना) पाळतात. त्यामुळे काचेच्या टाकीतल्या माशांनीही श्रावण पाळायचा, असं आईने जाहीर केलं तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"अगं आई, ते मासे आहेत!" मी म्हणालो.

"मग? या घरात राहतात ना?"

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पण बीएस्सीला काय, पीएचडीला असतो तरी आईच्या या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नसतं.

आधी टाकीबद्दल सांगतो, कारण तिचा मला फार अभिमान आहे. ती मी स्वतः बनवली आहे. आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी जुना शोकेस टाकून दिला होता, त्याच्या सरकत्या काचा मी उचलून आणल्या आणि सिलिकॉनने चिकटवल्या. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा ती चारही कोपऱ्यांतून गळली. (बाबा म्हणाले, "कारंजं पण आहे वाटतं!") दुसऱ्यांदा मात्र एक थेंबही बाहेर आला नाही. फिल्टर बनवला पाण्याच्या बाटलीचा आणि भांडी घासायच्या स्पंजचा. हवेचा पंप तेवढा विकत घेतला, तोही जुना. तो चालू असला की कुणीतरी घोरतंय असं वाटतं. पहिले काही दिवस आई झोपलेल्या बाबांना उगाचच हलवून कुशीवर वळवायची.

मासे गप्पी होते. कॉलेजातल्या एका सीनियरने फुकट दिले. गप्पींना पिल्लंच इतकी होतात की देणारा माणूस वर आपले आभार मानतो. राहिला प्रश्न खाण्याचा. दुकानातल्या डबीवर मासा मोठा असतो आणि आत खाणं चिमूटभर. पण आमची माणसं मालवणची! मामा दर वर्षी पिशवी भरून सुका जवळा (म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी) पाठवतो. तो भाजायचा, मिक्सरमध्ये बारीक करायचा, झालं माशांचं खाणं. पुस्तकात लिहिलंय की गप्पी काहीही खातात. पुस्तक लिहिणाऱ्याने जवळ्यावर वाढलेले गप्पी पाहिले नसावेत.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी आईने घरातलं सगळं सुकं पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती डब्यात आणि तो डबा माळ्यावर असं बंदोबस्तात ठेवलं. तवा बदलला. भांडी घासली. मिक्सरची भांडी लिंबू चोळून उन्हात ठेवली. आणि दुसऱ्या दिवसापासून टाकीत उकडलेले वाटाणे पडू लागले.

गप्पींनी वाटाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग एकेक करत कोपऱ्यात जाऊन बसले.

"पालक देऊन बघ," आई म्हणाली. पालकाचंही तेच झालं. सोमवारी मी कॉलेजातून आलो तर टाकीत खीर झाली होती! पाणी पांढरंफटक, मासा एकही दिसेना.

"आई! काय घातलंस?"

"साबुदाणा. आज उपास नाही का!"

ते पाणी बदलताना माझी कंबर मोडली. मी आईला शास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. "अगं, त्यातली एक मादी पोटुशी आहे. तिला प्रथिनं लागतात."

"पोटुशी आहे?" आईचा चेहरा एकदम मऊ झाला. मला वाटलं, जिंकलो. "मग तर तिने सात्त्विकच खाल्लं पाहिजे!"

याच सुमारास सोसायटीचा सत्यनारायण आला. दर वर्षी प्रसादाचा शिरा खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू करतात. त्यांच्या शिऱ्याचं बिल्डिंगमध्ये इतकं नाव आहे की कथा अर्धी झाली तरी न येणारे लोक प्रसादाला बरोबर हजर असतात. यंदा काकूंचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तो मान आईकडे आला. आईला ही बातमी कळली तेव्हा ती "बघू" एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून ती जिन्यावरून जरा सावकाश उतरायला लागली, म्हणजे लोकांना विचारायला वेळ मिळावा.

"जमेल ना गं?" सावंतकाकूंनी विचारलंच. "नाही, सव्वा किलोचा असतो. घरातल्या वाटीएवढा नाही."

"बघते हं," आई गोड हसून म्हणाली. दार लावल्यावर मात्र माझ्याकडे वळली. "या शिऱ्यात खडा जरी लागला ना, तर ती बाई मला पुढची दहा वर्षं जिन्यात गाठून सांगेल."

आता मी जे केलं ते ऐका. पूजेच्या सकाळी आई केळी आणायला बाजारात गेली. पोटुशी मादी टाकीच्या तळाशी अशी बसली होती की मला राहवेना. मी माळ्यावर चढलो. डबा काढला, पिशवीतली पिशवी सोडली, मूठभर जवळा घेतला आणि मिक्सरच्या छोट्या चटणीच्या भांड्यात भर्रकन फिरवला. पूड एका पुडीत बांधून, रात्री सगळे झोपल्यावर टाकीत टाकायची म्हणून, दप्तरात लपवली. मग भांडं साबणाने धुतलं. अगदी नीट धुतलं, असं मला तेव्हा वाटलं. आणि ओट्यावर उपडं घालून ठेवलं. खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली.

"पूजा खाली आहे रे," आल्या आल्या आई म्हणाली. "इथे कशाला उदबत्ती?"

"प्रसाद इथे होणार ना!" मी म्हणालो. आईने कौतुकाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी शिरा झाला. मी खाली खुर्च्या लावून वर आलो तेव्हा आई त्यावर वेलचीपूड घालून हलवत होती. नाकाला पदर बांधला होता, कारण नैवेद्य दाखवायच्या आधी त्याची चव तर घ्यायची नसतेच, पण चुकून वासही घ्यायचा नसतो. माझं लक्ष ओट्यावर गेलं. तिथे मिक्सरचं छोटं भांडं होतं.

"आई, वेलची कुठल्या भांड्यात वाटलीस?"

"हे काय, उपडं घातलेलं होतं त्यात. साखर घालून. का?"

"काही नाही. सहज."

आई साडी बदलायला आत गेली. मी भांडं उचललं. पात्याखाली थोडी वेलचीपूड उरली होती. वास घेतला. वेलची आली, साखर आली आणि मग लांबून कुठूनतरी समुद्र आला! पण खात्री कशी धरायची? सकाळपासून माझ्या बोटांनाच जवळ्याचा वास होता. मला तो उदबत्तीलाही येत होता. शिरा चाखून बघावा, तर देवाच्या आधी जिभेला लावायचा कसा? खालून लाउडस्पीकरवर गुरुजींनी कथेचा पहिला अध्याय सुरू केला. पाचवा संपला की नैवेद्य.

तेव्हा मला टाकी दिसली.

आमचे सर सांगतात, प्रयोग करायचा तर तुलनेला दुसरा नमुना हवा. मी खलबत्त्यात वेलची-साखर ताजी कुटली आणि चिमूटभर टाकीत टाकली. एक गप्पी वर आला. त्याने वास घेतला आणि बाबा दुधीची भाजी बघून जसे वळतात तसा वळून गेला. मग मी मिक्सरच्या भांड्यातली चिमूट टाकली.

अहो, दंगल! सगळी टाकी वर! एकमेकांच्या अंगावर चढून, शेपट्या आपटून, पाणी बाहेर उडवून त्यांनी ती पूड अशी फस्त केली की टाकीच्या काचा निखळतात की काय असं वाटलं. आणि सर्वांत पुढे कोण? पोटुशी!

मला आधी आनंदच झाला. मी स्वतः आखलेला आयुष्यातला पहिला प्रयोग यशस्वी झाला होता! काय सिद्ध झालंय ते नंतर लक्षात आलं.

"आई," मी बाहेरूनच म्हणालो, "एक सांगू? रागवू नकोस."

"रागवण्यासारखं असेल तर पूजा झाल्यावर सांग."

"तेव्हा फार उशीर होईल गं. शिऱ्यात थोडासा जवळा असू शकतो."

आई अर्ध्या सुटलेल्या निऱ्या हातात धरून बाहेर आली. "असू शकतो म्हणजे?"

"म्हणजे आहे."

"कोण म्हणतं?"

"मासे."

मी सगळं सांगितलं. मग तिच्यासमोर प्रयोग पुन्हा करून दाखवला. पुन्हा दंगल. आई मटकन स्टुलावर बसली.

"कदाचित कुणाला कळणारही नाही," मी हळूच म्हणालो. "अगदी थोडा असेल."

"देवाला कळेल!" आई म्हणाली. "आणि देवाचं एक वेळ मी बघून घेईन. सावंतवहिनी पहिल्या रांगेत बसल्यात त्याचं काय?"

खालून दुसरा अध्याय ऐकू आला. आई उठली. पदर खोचला आणि तिच्या तोंडून ऑर्डरी सुटल्या. "तुझ्या बाबांना वर बोलाव. रवा, तूप, साखर, दूध, सगळं सव्वा किलो. केळी आहेत. आणि त्या गुरुजींना सांग, जरा दमानं वाचा."

बाबा "पण का?" असं विचारत दुकानाकडे धावले. मी खाली गेलो आणि गुरुजींच्या कानाशी वाकलो.

"गुरुजी, जरा हळू वाचाल का?"

"का रे?"

मला खोटं बोलता येत नाही. "म्हणजे... अर्थ नीट कळत नाहीये."

गुरुजींनी पोथीवरून मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "बघा!" ते माइकमध्ये म्हणाले. "कॉलेजातला मुलगा! याला अर्थ हवाय!" आणि तिथून त्यांनी प्रत्येक ओळीचा अर्थ सांगायला सुरुवात केली. सगळ्या बिल्डिंगने माझ्याकडे आदराने (आणि मागच्या रांगेतल्या भुकेल्या पोरांनी खुनशीपणे) पाहिलं. साधुवाण्याची नाव बंदरात उभी ती उभीच! ती तिथून हलेपर्यंत वर आईने रवा भाजला होता.

आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या तेव्हा आई पातेलं घेऊन उतरली. केस विस्कटलेले, साडी तीच जुनी.

"उशीर गं?" सावंतकाकूंनी विचारलं.

आईने पातेलं खाली ठेवलं. माझ्या आईचा कधी पापडसुद्धा करपत नाही. "पहिला करपला, वहिनी," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "म्हणून दुसरा केला." तिने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मला त्या वेळी तिचा जितका अभिमान वाटला तितका टाकीचाही कधी वाटला नव्हता.

काकूंनी प्रसाद डाव्या हातात घेतला. (उजवा प्लास्टरमध्ये.) तोंडात टाकला. डोळे मिटले. सगळी बिल्डिंग थांबली होती. निदान मी आणि आई तरी.

"करपणारच गं पहिला," काकू म्हणाल्या. "माझाही करपला होता. कुणाला सांगितलं नाही, एवढंच." आणि त्यांनी हात पुन्हा पुढे केला.

आम्ही हवेत तरंगत घरी आलो. बाबा आमच्या आधीच वर पोचले होते. पहिल्या शिऱ्याचं पातेलं मांडीवर घेऊन ते टाकीसमोर बसले होते आणि खात खात पातेल्याच्या तळाशी पोचत आले होते. बाबा खूश झाले की मालवणीत शिरतात.

"गो, ह्यो शिरो खय करपलो हा?" ते आईला म्हणाले. "इतको बरो शिरो तू जन्मात केलंस नाय! काय घातलंस ह्याच्यात?"

आईने त्यांना श्रावण संपल्यावरच सांगितलं.

पोटुशीला पुढे भरपूर पिल्लं झाली. श्रावण संपला तशी त्या सगळ्यांची जबाबदारी आईने घेतली. जवळा भाजते तीच, वाटते तीच, आणि मिक्सरला मला हात लावू देत नाही. घरी कुणी आलं की त्यांना टाकीसमोर उभं करून ती छाती फुगवून सांगते, "आमचे मासे फार हुशार आहेत हं!"

मी बाजूलाच उभा असतो. माझ्याबद्दल ती काही बोलत नाही.