तुरटीत काय दिसलं

लहानपणी मी काही महिने मुकी होते. आज माझी बडबड ऐकणाऱ्यांचा यावर विश्वास बसत नाही, न बसो. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. रंकाळा वेशीजवळच्या आमच्या खोलीत स्टोव्हचा भडका उडाला आणि माझ्यासमोर आईच्या पदरानं पेट घेतला. वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तिच्या अंगावर घोंगडं टाकून आग विझवली आणि तिला टांग्यात घालून नेलं. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून आत्या एसटीनं आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आई गावाला गेलीया हं तुझी."

आता, आदल्याच वर्षी आमचे आजोबा असेच 'गावाला' गेले होते आणि ते काही परत आले नव्हते. मी सात वर्षांची होते, खुळी नव्हते. आई मेली हे मी ओळखलं. विचारावं, तर 'व्हय' म्हणतील. म्हणून विचारलंच नाही. आणि तेच विचारायचं नाही म्हटल्यावर दुसरं बोलायचं तरी काय? माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

शाळेतल्या बाईंनी बरेच दिवस वाट बघितली. मग आबांना बोलावून सांगितलं, मुकी मुलगी वर्गात ठेवता यायची नाही, मिरजेला अशा मुलांची शाळा आहे, तिथं वसतिगृहात घाला. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी माझ्या घशात बॅटरी मारली, कानाशी टाळी वाजवली. सगळं ठणठणीत. "घरी काही झालंय का?" त्यांनी आत्याला विचारलं.

"न्हाय की. सगळं बेस हाय," आत्या म्हणाली. मी तिथंच उभी! आजही आठवलं की डोकं तापतं माझं. डॉक्टरांवर राग नाही, त्यांच्यापुढं पोरांची रांग लागली होती. पण माझ्याबद्दलचं सगळं माझ्या डोक्यावरून चाललं होतं.

मिरजेची ट्रंक भरायच्या आधी गल्लीनं आपला इलाज काढला. आमच्याकडं पोर भ्यालं की त्याच्यावरून तुरटीचा खडा उतरवतात आणि विस्तवात टाकतात. तुरटी फुगते, वेडीवाकडी होते. तिचा जो आकार होईल, त्याला पोर भ्यालं असं समजायचं. हे काम शेजारची चाची करायची. ती फळांचा गाडा लावायची आणि कुणाही जातीधर्माच्या पोरावरून तुरटी उतरवायची. सांजच्याला तिनं मला पाटावर बसवलं, खडा ओवाळला आणि शेगडीत टाकला. गल्लीतल्या सगळ्या बाया वाकल्या.

"कुत्रं हाय बघा."

"कुत्रं कुठलं? म्हस हाय ती. शिंगं दिसत न्हाईत व्हय तुला?"

झालं, जुंपली. म्हशीकडच्या आणि कुत्र्याकडच्या अशा दोन फळ्या पडल्या. निवाडा चाचीनं करायचा, तर चाची डोळे बारीक करून म्हणाली, "मला न्हाय दिसत, बायांनो. चष्मा गाड्यावर ऱ्हायला. पोरी, तूच बघ आन सांग, काय दिसतंय?"

एवढ्या दिवसांत मला कुणी हे विचारलंच नव्हतं.

"आई," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "पदर पेटलाय. मेली न्हवं ती?"

आत्यानं तोंडाला पदर लावला. आबा उंबऱ्यावरून उठून आले आणि माझ्यापुढं खालीच बसले. "जिती हाय की गं. दवाखान्यात हाय. तू भिशील म्हणून सांगितलं न्हाय."

तुरटीत काही दैवी असतं असं मी म्हणत नाही. पुढं मोठेपणी मी दवाखान्यात लहान मुलांच्या विभागात कामाला लागले. पोरांशी निवांत बोलायला आमच्याकडं ना वेगळी खोली होती, ना वेळ. मुंबईहून एका डॉक्टरांनी शाईच्या डागांची चित्रं आणली, मुलांच्या मनातलं काढायला. ती बघून मला हसू फुटलं. तुरटीच की ही! फक्त इथं आधी मुलाला बोलू द्यायचं, बायांनी भांडायचं नाही. मी मात्र अजून प्रत्येक पोराला आधी एकच विचारते, घरच्यांनी तुला काय सांगितलंय? निम्मं तिथंच कळतं.

तर, तुरटी उतरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं. लहान मुलांना आत सोडत नव्हते. आबा दारवानाशी भांडले आणि मला घेऊन आत घुसले. आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, केस कापलेले. मी लांबच उभी राहिले.

"ये की जवळ," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. मी गेले. तिला हात उचलता येईनात, म्हणून तिनं हनुवटीनंच माझं डोकं छातीशी दाबून धरलं.

"बोल," ती म्हणाली.

आत्याच्या भाकऱ्या कशा कच्च्या असतात तिथून मी सुरुवात केली, ती नर्सनं हाकलेपर्यंत थांबले नाही.