भैरवी लावली आणि कँटीन रिकामं झालं

पुढ्यातली ताटं अर्धी टाकून माणसं उठायला लागली, तेव्हा मला वाटलं, आमटीत पाल निघाली. मी ग्रामोफोनपाशी माइक धरून उभी होते. जेवणाची सुट्टी अजून निम्मी शिल्लक होती. माझी सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड नुकतीच सुरू झाली होती, आणि कँटीन भराभर रिकामं होत होतं.

पन्नासच्या दशकातली, पिंपरीच्या एका औषध कारखान्यातली ही गोष्ट. आजूबाजूला तेव्हा ज्वारीची शेतं होती आणि कामगार भोसरी-चिंचवडहून सायकलवर येत. मी तिथे वेलफेअर ऑफिसर होते. म्हणजे आमटी पातळ का, पाळणाघरात पंखा का नाही, असल्या तक्रारी ऐकायच्या आणि साहेबांपुढे मांडायच्या. दोन्हीकडून बोलणी खायची हेही त्यातच आलं.

जेवणाच्या सुट्टीत गाणी लावायची कल्पना माझी. वर्क्स मॅनेजर प्रधानसाहेबांनी परवानगी दिली, पण नाखुशीनेच.

"सिनेमाची गाणी नकोत. आणि माणसं रेंगाळली, पॅकिंग लाइन उशिरा सुरू झाली, तर ग्रामोफोन स्टोअरमध्ये."

पॅकिंग लाइन म्हणजे पट्ट्यावरून बाटल्या सरकतात आणि दोन्ही बाजूंची माणसं बूच, लेबल, खोकं असं करत जातात. एक जागा रिकामी राहिली की सगळंच अडतं.

सिनेमाला बंदी हे माझ्या पथ्यावरच पडलं. मला शास्त्रीय गाण्याचं वेड, आणि आपल्याला आवडलेलं दुसऱ्याच्या गळ्यात मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. रोज एक रेकॉर्ड निवडायची, यात काय ऐकायचं ते माइकवर दोन वाक्यांत सांगायचं आणि सुई टेकवायची. पहिल्याच दिवशी लेबलिंगवरचे ज्ञानोबा ताट घेऊन जवळ आले. भोसरीच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवत, आणि चेष्टा केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

"बाई, गळा साफ करून झाला आसंल, तर गानं कवा चालू हुनार?"

"हेच गाणं, ज्ञानोबा. आधी सूर ऐका. शब्द मागून येतील."

ते उभे राहिले. रेकॉर्डची एक बाजू तेव्हा तीनेक मिनिटांची असे. ती संपली.

"न्हाई आले," म्हणाले, आणि ताक आणायला गेले.

पण हळूहळू माणसं लाउडस्पीकरजवळचे बाक धरू लागली. कालचं परत लावा म्हणू लागली. मी हरखून गेले. आणि तिथेच घोटाळा झाला. भोंगा वाजला तरी रेकॉर्ड पुरी ऐकूनच उठायचं, अशी त्यांना सवय लागली. लाइन उशिरा सुरू होऊ लागली. प्रधानसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्याचा दिवस बघतो. पुन्हा उशीर झाला, तर परवा तो डबा मला कँटीनमध्ये दिसता कामा नये."

ग्रामोफोनला डबा म्हटलेलं मला फार लागलं. घरी येऊन मी चक्क रडले. मग ठरवलं, शेवटचाच दिवस असेल तर माझं सगळ्यांत आवडतं गाणं आधी ऐकवते. ते होतं भैरवीतलं. म्हणून दुसऱ्या दिवशी भैरवी पहिली लागली, आणि ताटं सोडून माणसं उठली. मी ज्ञानोबांना दारातच गाठलं.

"ज्ञानोबा, अहो झालं काय?"

"काय व्हायचंय? भैरवी लावली न्हवं तुमी. आमच्याकडं भैरवी झाली की टाळ पिशवीत. भजनातले उठले, बाकीचे त्यांच्यामागं. साहेब तापल्यात म्हनं, आमाला वाटलं, आज सुट्टी लवकर सपवली."

भैरवी मैफलीच्या शेवटी, हे मलाही ठाऊक होतं. पण रेकॉर्ड लावताना वेळकाळ कोण बघतो? घरी मी ती सकाळी चहाबरोबरही लावायची. ज्ञानोबाही लाइनवर गेले, आणि थोड्या वेळाने प्रधानसाहेब आत आले. ते हसत होते. हे मी प्रथमच पाहत होते.

"बाई, हीच रेकॉर्ड रोज लावा. याच वेळेला."

"साहेब, माणसं अर्धपोटी उठलीत."

"पण लाइन बघा, चालूसुद्धा झाली."

"रोज लावीन, पण सगळ्यांत शेवटी, भोंग्याच्या जरा आधी. माणसं वेळेवर जागेवर पोचतील. ग्रामोफोन मात्र इथेच राहील. आणि आत्ता त्यांना जेवायला परत पाठवा."

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग टेबलांवरची ताटं पाहिली.

"पाठवतो," म्हणाले.

तेव्हापासून लाइन वेळेवर सुरू होऊ लागली आणि माझ्या साऱ्या आवडत्या रेकॉर्डी लोकांनी मन लावून ऐकल्या. फक्त सगळ्यांत आवडती तेवढी कुणी पुरी ऐकली नाही. पहिला सूर लागला की बाक सरकायचे. आवडतं गाणं दुसऱ्याला ऐकवायचं, तर कधी ऐकवू हे आधी त्याला विचारावं, एवढं मी शिकले.

पुढे मी मुंबईची नोकरी धरली. पिंपरीतल्या शेवटच्या दिवशी सवयीने भैरवी लावली. सवयीने बाक सरकले. ज्ञानोबांनी माझ्या हातातला माइक घेतला.

"खाली बसा समदे. आज बाईंची भैरवी शेवटपतुर ऐकायची."

सगळे बसले. प्रधानसाहेब दारात उभे होते. मध्येच भोंगा वाजला, कुणी हललं नाही. मी डोळे पुसत होते आणि ते लपवतही नव्हते.

त्या दिवशी पॅकिंग लाइन उशिरा सुरू झाली. ग्रामोफोन स्टोअरमध्ये गेला नाही.