मागच्या रांगेतली नावं

जूनचा दुसरा रविवार, सकाळी अकरा. हजर: मी, माझा रेकॉर्ड प्लेअर आणि भद्रकालीतल्या दुकानात तो दुरुस्त करणारे काका. चाचणीसाठी मी नाचाचं जाझ वाजवणाऱ्या अमेरिकेतल्या एका जुन्या स्विंग बँडची नव्याने निघालेली रेकॉर्ड नेली होती.

काका रेकॉर्ड नेहमी उभ्यानेच ऐकतात. तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये मागच्या रांगेत ट्रम्पेट वाजवायचे. मी मुख्य चाल ऐकत होते. त्यांची तीन बोटं मागच्या ट्रम्पेटबरोबर हलत होती.

“पुढच्याला फोटोत घेतात, ताई. मागच्याला गाडीवाले हॉर्न मारतात.”

कव्हरवर सगळ्या वादकांची नावं होती, ती मी काकांना दाखवली.

“मागच्यांची पण?”

मी वाचत गेले. प्रत्येक नावाला त्यांनी मान लववली. मग म्हणाले, “आमच्या चौदा जणांची नावं आता मलाच आठवतात. तुम्ही वहीत रेकॉर्डच्या याद्या करता ना? घ्या लिहून.”

मी पावतीच्या मागे लिहून घेतली. घरी वहीत उतरवताना तेराच भरली. स्वतःचं त्यांनी सांगितलंच नव्हतं, आणि सहा वर्षं नुसतं ‘काका’ म्हणणाऱ्या मीही कधी विचारलं नव्हतं.

चौदाव्या आकड्यापुढे जागा सोडली आहे. भद्रकालीत जाऊन विचारायचं अजून राहिलंय.