धुराचा फोटो

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक पॉवर हाऊस होतं. कोळशावर चालायचं. पुढं लांबून सरकारी तारा आल्या आणि ते बंद पडलं. माझे वडील तिथं बॉयलरवर फायरमन होते. बंद पडल्यावर त्यांना तिथंच वॉचमन म्हणून ठेवलं. राखण करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, तरी ते गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचे आणि अधूनमधून ती पारव्यांवर वाजवायचे.

बहात्तरच्या दुष्काळात बातमी आली की सगळं लोखंड भंगारात जाणार, पुढच्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं येणार. मी तेव्हा श्रीरामपुरात एका फोटो स्टुडिओत होतो. स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी मुलींना रंगवलेल्या बागेपुढं उभं करायचं आणि हसू नका म्हणून सांगायचं, हे माझं काम. वडिलांनी निरोप धाडला, मालकाचा कॅमेरा घेऊन ये. त्यांना घरच्या भिंतीवर लावायला पॉवर हाऊसचा फोटो हवा होता. आमच्या भिंतीवर तोवर फक्त देव आणि आजोबा होते.

आत गेलो तर टर्बाइनवर पारव्यांचा संसार चाललेला. भिंतीवरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळांचे काटे शून्यावर होते, एकाचा तेवढा मध्येच अडकला होता. हे घड्याळ कधी बंद पडलं, असं मी विचारलं.

"पावर हाऊस चालू हुतं तवाबी ते तसंच हुतं," वडील म्हणाले.

मी बॉयलरच्या तोंडाचा फोटो काढला, राखेच्या खड्ड्याचा काढला, गंजलेल्या जिन्याचा काढला. प्रकाश बरा होता आणि मी स्वतःवर खूश होतो. वडील मात्र दर फोटोला मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "मढ्याचे फोटू काय काढतोस? चालू असलेला काढ."

"दादा, ते बंद आहे."

"म्हून तर तुला बोलावलं. चिमनीतनं धूर पायजे. धुराबिगर मी भिंतीला लावनार न्हाई."

मला राग आला. उन्हातान्हात सायकल हाणत मी काय धूर बघायला आलो होतो? पण माणूस हट्टाला पेटला होता आणि लोखंड जायचंच होतं. 

बॉयलरमध्ये पाणी नसताना जाळ करणं वडिलांना पटेना. उपाशी माणसाला दारू पाजावी तसं ते, म्हणाले. मग आम्ही चिमणीच्या बुडाशी काजळी काढायचं जे लोखंडी झाकण होतं, ते उघडलं. आत बाभळीच्या काटक्या, पालापाचोळा आणि वर भिजवलेली पोती रचली. पोती भिजवायला अर्धी बादली पाणी गेलं. त्या वर्षी अर्ध्या बादलीत घराचा स्वयंपाक व्हायचा. वडिलांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि काडी ओढली. नारळाशिवाय त्यांनी बॉयलर कधी पेटवला नव्हता. खोट्या जाळालाही सूट मिळाली नाही.

धूर चढला. वडील जाळापाशी बसले, मी लांब जाऊन कॅमेरा लावू लागलो. एवढ्यात रस्त्यानं माणसं पळत येताना दिसली.

आमच्या भागात साखर कारखान्याचा बॉयलर नारळ फोडून पेटवतात, आणि चिमणीतून धूर निघाला की ऊसतोड सुरू झाली असं समजायचं. त्या वर्षी ऊस वाळून गेला होता, कारखान्याला अजून धूर नव्हता. तिसगावकडून या भागात नव्यानं आलेली ऊसतोडीची माणसं दुष्काळी कामावर शेजारच्या रस्त्याची खडी फोडत होती. त्यांनी धूर पाहिला, हातोडे टाकले, पालावर जाऊन कोयते घेतले आणि आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. पुढं एक बाई होती. तिची नजर फोडलेल्या नारळावर गेली.

"बॉयलर पेटला न्हवं?" तिनं फाटकाशी आलेल्या वडिलांना विचारलं. "किती कोयते पायजेत?"

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. वडिलांनी शिट्टीला हात लावला आणि सोडून दिला. आयुष्यभर त्या फाटकातून त्यांनी कुणाला कामावर घेतलं नव्हतं. तो अधिकार साहेबांचा.

"कारखाना न्हाई बाई ह्यो. ईज करायचे हितं. बंद हाय."

"मग पेटवला कशाला?"

"फोटूसाठी."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.  बाईनं मागं वळून आपल्या माणसांकडं पाहिलं. "आज खाडा पडनारच हाय," ती म्हणाली. "मग फोटूत तरी घ्या."

वडिलांनी फाटक उघडलं. मी त्यांना चिमणीपुढं ओळीनं उभं केलं. सवयीनं हसू नका म्हणून सांगितलं, ते उगाचच सांगितलं. धूर विरळ होत होता म्हणून वडील पुन्हा जाळाकडं धावले. दादा, तुम्हीही या, असं मी ओरडलो, तर त्यांनी चिमणीमागूनच हात हलवला, काढ काढ. मी काढला. रोल तिथंच संपला.

स्टुडिओत फोटो धुतला. पोत्यांचा धूर पांढरा, त्या दिवसाचं आभाळही पांढरं. धुराचा मागमूस नव्हता. वडीलही नव्हते. होती ती कोयते धरून ताठ उभी राहिलेली माणसं आणि मागं कोरडी चिमणी. तोवर ठेकेदाराच्या माणसांनी लोखंडाला कटर लावले होते, पुन्हा काढायची सोय नव्हती.

फोटो वडिलांच्या हातात देताना मी आधीच सांगून टाकलं, "दादा, धूर आला नाही."

त्यांनी तो उजेडाला धरला. एकेका तोंडावरून बोट फिरवत बराच वेळ पाहिला. मग खिळा शोधायला उठले.

"आला की," ते म्हणाले. "त्याबिगर का एवढी मानसं कामावर आली?"