ओट्याचं तोंड दाराकडं

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. तिचा रंग, तिचे केस, पुण्याला नोकरीला असलेला तिचा भाऊ, हे सगळं मी पचवलं होतं. पण दोन हजार सालानंतर कधीतरी तिच्या स्वयंपाकघरात जे झालं, ते काही केल्या पचेना.

कळमनुरीत एकाच प्लॉटवर दोघा भावांची दोन घरं, मधे एक भिंत. गवंडी एकच, त्यामुळे स्वयंपाकघरंही सारखीच. पूर्वेच्या भिंतीला ओटा, पश्चिमेला दार. भिंतीकडं तोंड करून रांधायचं, दाराकडं पाठ. बारा वर्षं मी त्या भिंतीवरचे फोडणीचे डाग बघत पोळ्या लाटल्या आणि त्यात काही चुकतंय असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

मग तिच्या भावानं फेंगशुईचं पुस्तक आणलं. दारात नळ्यांची घंटी लागली, टीव्हीवर ढेरपोट्या हसरा बाबा बसला, तोंडात नाणं धरलेला बेडूक आला. "घरात शिरलेला बेडूक आपण झाडूनं हाकलतो, हिनं विकत आणला," असं मी गल्लीत चौघींना सांगून आले. पण त्या पुस्तकात असंही होतं म्हणे, की रांधणारीची पाठ दाराकडं असू नये. जावेनं ओटा फोडला आणि भिंतीपासून पुढं काढून असा बांधला, की ती दाराकडं तोंड करून उभी राहील.

आणि माझा दीर स्वयंपाकघरात बसायला लागला.

फवारणीचे पंप दुरुस्त करायचं त्याचं दुकान. संध्याकाळी हात धुतले की प्लास्टिकचं स्टूल ओढून ओट्यासमोर बसायचा, लसूण सोलायचा, दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचा. तिच्या स्वयंपाकघराची जाळी माझ्या मागच्या अंगणात उघडते. मी तिथं भांडी घासायचे आणि आतून हसणं ऐकू यायचं. एकदा तो तिला म्हणाला, "आज काहून गप गप हायस?" एवढंच. लग्न झाल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी कढईचं बूड असं घासलं, की तशी कढई गल्लीत कुणाकडं चमकली नसेल.

माझे हे हिंगोलीला कारकून, रोज बसनं जाऊन येऊन. माणूस वाईट नाही. ओरडणं नाही, व्यसन नाही. पण आल्यावर चहा, पेपर, बातम्या, जेवण, झोप. त्यांनी एकदा स्टूल ओढून माझ्यासमोर बसावं, एवढंच मला हवं होतं. ते इतकं हवं होतं, की मी बेडकाची टिंगल बंद केली.

जाऊ मनानं चांगली, हाही तिचा एक दोषच. मीही ओटा फिरवून घेते म्हटल्यावर म्हणाली, "ताई, ओटा काहून फोडता? गॅसमागं आरसा लावा, पाठीमागचं दार दिसतंय त्यात. पुस्तकात तेबी चालतंय म्हणून लिहिलंय." मी मनात म्हटलं, वा गं वा, तुला नवरा आणि मला आरसा! यांना विचारलं तर, "कर तुला काय करायचं ते." सासूबाई म्हणाल्या, "उगवतीकडं पाठ करून कोण रांधतं गं?" मी गवंडी बोलावला.

नुसती बरोबरी करून माझं भागणार नव्हतं. मी तिच्याकडून पुस्तक मागून आणलं आणि तिच्या नजरेतून काय सुटलंय ते शोधत पानन् पान वाचलं. सापडलं. आगीशेजारी पाणी नसावं, दोघांचं वैर असतं. तिचा माठ अजून ओट्याच्या कोपऱ्यातच होता. मी माझा माठ तिवईसकट उचलून बाहेर ओसरीत नेला आणि फार दिवसांनी मला गार वाटलं.

नव्या ओट्याच्या पहिल्या संध्याकाळी वेणी घातली, साडी बदलली, समोर स्टूल मांडलं आणि दाराकडं तोंड करून पोळ्या लाटायला घेतल्या. हे आले. ओसरीत पेला वाजला. मग टीव्हीचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशी तेच. स्टुलावर मी भाजीची टोपली ठेवून दिली.

नवव्या दिवशी जेवताना हे आपणहून बोलले. "माठ बाहेर ठेवलास ते बरं केलंस. आता पाण्यासाठी आत यावं लागत न्हाई."

बारा वर्षं हे रोज माझ्या पाठीमागं उभे राहून पाणी प्यायचे. एक पेला, मग दुसरा, आणि दोन पेल्यांच्या मधे काहीतरी सांगायचे. गाडीत लई गर्दी होती. साहेबांची बदली होऊन राहिली. आज डोकं दुखतंय. मी वळून न बघता "हं" म्हणायचे. त्याला मी बोलणं धरलंच नव्हतं, कारण ते दिरासारखं नव्हतं.

सकाळी माठ आत न्यायला म्हणून रिकामा केला, तोच जाऊ आली. कौतुकानं बघत राहिली. "ताई, तुमचं माझ्यापरीस बराबर झालं. मीबी माठ बाहेर काढू का?"

खरं काय ते मला सांगता आलं असतं. "काढ की," मी म्हणाले आणि माझा माठ तिच्यादेखत पुन्हा ओसरीतच तिवईवर ठेवून भरला.

तिनं दुपारीच तिच्या ओसरीत काढला. संध्याकाळी मी मुद्दाम माझ्या ओसरीत, तिची ओसरी दिसेल अशी, तांदूळ निवडत बसले. दीर आला, नव्या जागी माठ बघून जरा थांबला. मग त्यानं दोन पेले भरले आणि दोन्ही घेऊन आत गेला.